बेलतेलापासून इपॉक्सीपर्यंत : प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात शिबला गावाच्या बाजूला एका घरी धान्याची कोठी पाहिली आणि हे पुस्तक लिहायचेच, असे त्या दिवशी ठरले. शेणाने सारवलेली जमीन, कुडाच्या भिंती आणि कोपऱ्यात काळ्या पत्र्याची, हिरव्या ऑइल पेंटने रंगवलेली कोठी. कोठीचे अंग नव्यासारखे चकचकीत होते. बुडाशी मात्र बोटभर उंचीचा तांबडा पट्टा चढला होता, आणि तिथला रंग नखाने उचलला की भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात येत होता. घरच्या आजी म्हणाल्या, "वरून चांगली दिसते जी, पन बुडातून खाऊन टाकली." मी तो पापुद्रा उलटा करून पाहिला. आतली बाजू ओलसर होती आणि बोटाला बुळबुळीत लागत होती, न्हाणीतल्या साबणाच्या चुऱ्यासारखी.

या विषयाचे मर्म त्या बुळबुळीतपणात आहे. लोखंड गंजते तेव्हा त्याच्या पृष्ठभागावर दोन क्रिया शेजारी शेजारी चालू असतात. एका जागी लोखंड विरघळत असते. जवळच दुसऱ्या जागी पाणी आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून क्षार तयार होत असतो. ऑइल पेंटचा सगळा जीव तेलात असतो, आणि तेलाला क्षार भेटला की त्याचा साबण होतो. कास्टिक सोडा आणि तेल घेऊन घरी साबण केलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. म्हणजे गंज रंगावर बाहेरून चाल करत नाही. तो रंगाच्या खाली बसून, रंगातल्याच तेलाचा साबण करून, त्याची धातूवरची पकड सोडवतो. सारवलेली जमीन वर्षभर ओल धरते, म्हणून कोठी बुडातून जाते. पंपाची मोटर, खिडकीच्या गजाचे खालचे टोक, ट्रॉलीच्या तळाचे कोपरे हेही असेच जातात. पाणी जिथे थांबते तिथे ही क्रिया थांबत नाही.

इपॉक्सी रेझिन इथे कामाला येते. त्याच्या रेणूची मुख्य साखळी कार्बन-कार्बन आणि ईथर बंधांची असते, क्षाराला ती तोडता येत नाही. साखळीवर ठिकठिकाणी हायड्रॉक्सिल गट लटकलेले असतात आणि ते धातूला धरून ठेवतात. जहाजांचे तळ, पेट्रोलच्या टाक्या, पूल, कारखान्यांचे सांगाडे अशा ठिकाणी इपॉक्सी लावतात ते याच गुणांमुळे. पण त्याचे नखरेही आहेत. ते दोन डब्यांत येते आणि ऐनवेळी मिसळावे लागते. खाली लोखंड घासून स्वच्छ हवे. थिनर उग्र लागतो. थर कडक होतो आणि पत्रा वाकला तर तडकू शकतो. उन्हात काही महिन्यांतच त्यावर खडूसारखी भुकटी धरते. याउलट तेल गरीब स्वभावाचे असते. नीट न घासलेल्या लोखंडाच्या खाचाखोचांत ते मुरते, ब्रशच्या रेघा भरून काढत सपाट बसते, पत्र्याबरोबर वाकते आणि साध्या टर्पेंटाइनमध्ये पातळ होते. या दोघांचे गुण एका रेणूत कसे बांधायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे. ऐंशी वर्षे रसायनशास्त्रज्ञ त्यामागे लागले आहेत आणि त्यांनी एक नव्हे, तीन-चार वाटा काढल्या आहेत.

तेलापासून सुरुवात करतो, कारण तेल आपल्या ओळखीचे आहे. आमच्या विदर्भात जवस म्हटले की चटणी आठवते. कोरडवाहू रब्बीत हरभऱ्याच्या शेजारी निळ्या फुलांचे तास दिसत. सोयाबीन आल्यावर तो पेरा ओसरला, तरी नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर काम चालूच राहिले. एनएल-९७ हा वाण तिथलाच. सुतार आणि पेंटर ज्याला बेलतेल म्हणतात ते याच जवसाचे, उकळून घट्ट केलेले तेल. ‘बॉइल्ड’ या इंग्रजी शब्दाचे हे मराठी बाळसे असावे, असे मला वाटते. लाकडाच्या चौकटीला बेलतेलाचा एक हात दिला की ते आत शिरते आणि दोन-तीन दिवसांत सुकते. आपण सुकते म्हणतो खरे, पण त्यातून पाण्यासारखे काही उडून जात नाही. उलट तेलाचे वजन वाढते, कारण ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेते. तेलातल्या मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध असतात. त्यांच्या मधल्या कार्बनवर ऑक्सिजन बसतो, मग एक साखळी दुसरीला पकडते, दुसरी तिसरीला, आणि पातळ तेलाची चामड्यासारखी चिवट पापडी होते.

कुठले तेल असे सुकेल आणि कुठले नुसतेच चिकट राहील, हे आयोडीन अंकावरून कळते. तेलात दुहेरी बंध किती, याचे ते माप आहे. जवसाचा अंक १७० च्या वर जातो, सोयाबीनचा १२० ते १४०, सरकीचा १०० च्या थोडा पुढे, करंजाचा ८० ते ९०, मोहाच्या बियांचा ६० च्या आसपास. यवतमाळ जिल्ह्याच्या शेताशिवारात आणि जंगलात ही पाचही तेले मिळतात. पांढऱ्या सोन्याचा जिल्हा म्हणून आपण कापूस मिरवतो, पण कापसाच्या गाठींपेक्षा जास्त वजनाची सरकी इथल्या जिनिंगमधून बाहेर पडते, हे विसरतो. जवस एकटे सुकते, सोयाबीनला मदत लागते, सरकीला जास्त लागते. करंज आणि मोह कितीही वाट पाहा, स्वतःहून सुकत नाहीत. म्हणून ‘झाडाचे तेल वापरा’ हे सरसकट वाक्य रंगाच्या धंद्यात काही सांगत नाही. कुठले तेल, हे आधी विचारावे लागते.

एरंडी या रांगेत बसत नाही. तिचा आयोडीन अंक ८० ते ९०, म्हणजे ती सुकू नये. आणि ती सुकतही नाही. बैलगाडीच्या आसाला एरंडीचे वंगण घालत, ते याच कारणाने. पण एरंडीच्या तेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असते आणि त्याच्या साखळीवर एक हायड्रॉक्सिल गट असतो. आम्लाचा उत्प्रेरक घालून तेल २३० ते २५० अंशांपर्यंत तापवले की तो गट शेजारच्या हायड्रोजनसह पाणी होऊन निघून जातो आणि त्या जागी आणखी एक दुहेरी बंध तयार होतो. कालचे वंगण आज सुकणारे तेल होते. या निर्जल एरंडीच्या तेलाचा रंग जवसासारखा पिवळा पडत नाही आणि थर लवकर कडक होतो. जगातली बहुतेक एरंडी भारतात पिकते आणि तिचा मोठा वाटा गुजरातेत. त्यामुळे आपल्या देशात इपॉक्सीला जोडण्यासाठी निर्जल एरंडीच्या मेदाम्लांचा वापर भरपूर झाला. अमेरिकन पुस्तकांत जिथे सोयाबीन लिहिलेले असते, तिथे आपल्या कारखान्यांत पुष्कळदा एरंडी असते. परदेशी सूत्र जसेच्या तसे उचलणाऱ्या विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे.

आता इपॉक्सीचा इतिहास थोडक्यात. स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तां हे रसायनशास्त्रज्ञ दातांच्या कवळीसाठी साहित्य शोधत होते. त्या शोधात त्यांनी बिस्फेनॉल आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्यापासून रेझिन केले आणि १९३८ साली पेटंटसाठी अर्ज केला. कवळीच्या धंद्यात त्याचे फारसे झाले नाही; सीबा कंपनीने ते पुढे नेले. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हे डिव्हो अँड रेनॉल्ड्स या जुन्या रंग कंपनीत काम करत होते. कंपनी रंगाची, म्हणून त्यांच्या डोक्यातही रंग. १९४० च्या दशकात त्यांनी इपॉक्सीचे घट्ट रेझिन घेतले आणि त्याला सुकणाऱ्या तेलांची मेदाम्ले जोडली. हा इपॉक्सी एस्टर, म्हणजे पहिली वाट. लेपांच्या जगात इपॉक्सीच्या पहिल्या मोठ्या उपयोगांत तो मोडतो. इपॉक्सी आधी आले आणि निसर्गप्रेमाच्या आजच्या लाटेत कोणी त्यात वनस्पती तेल मिसळले, असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. रंगाच्या कारखान्यात इपॉक्सी शिरले तेच तेलाचा हात धरून.

इपॉक्सी एस्टर शिजताना पाहणे हा अनुभव घेण्यासारखा आहे. केटलमध्ये मेदाम्ले आणि रेझिनचे काचेसारखे खडे टाकतात, थोडी झायलीन घालतात आणि पारा २४० अंशांपर्यंत नेतात. आम्ल आणि हायड्रॉक्सिल जुळले की पाणी सुटते. झायलीन ते पाणी वाफेबरोबर वर नेते, थंड नळीत दोन्ही परत द्रव होतात, पाणी खाली बसते आणि झायलीन केटलमध्ये परतते. त्या काचेच्या सापळ्यात पाण्याची पातळी मिलिमीटरने चढत जाते आणि काम कुठवर आले ते सांगते. दर अर्ध्या तासाने नमुना काढून त्याचा आम्लांक, म्हणजे न जुळता उरलेल्या आम्लाचे माप, मोजायचा. तो १० च्या खाली आला की उतरवायचे. पण मुरलेले लोक नुसत्या अंकावर थांबत नाहीत. काचेच्या पट्टीवर थेंब टाकतात, गार होऊ देतात, मग त्याला बोट लावून उचलतात आणि किती लांब तार येते ते पाहतात. गुळाचा पाक पाहणाऱ्याची नजर इथे लागते. माझ्या उमेदवारीच्या काळात एका कारखान्यात रात्रपाळीला ती तार पाहायला मला वीस मिनिटे उशीर झाला. तेवढ्यात साखळ्या एकमेकींत गुंतल्या आणि पाचशे किलोचा घाणा केटलमध्येच रबरासारखा थिजला. तो छिन्नीने काढायला दोन दिवस लागले. तेव्हापासून एस्टर शिजत असताना मी केटल सोडून कुठे गेलेलो नाही.

असा एस्टर एकाच डब्यात येतो. त्यात हार्डनर मिसळावा लागत नाही, कोबाल्टचा थोडा ड्रायर पुरतो, आणि हवेतल्या ऑक्सिजनने तो बेलतेलासारखाच सुकतो. जोडलेले मेदाम्ल जास्त असेल तर टर्पेंटाइनमध्ये पातळ होतो आणि ब्रशने छान लागतो. कमी असेल तर झायलीन लागते, पण लवकर सुकतो आणि कडक होतो. मग गंजासमोर त्याचे काय होते? त्याच्यातही एस्टर बंध आहेत, आणि एस्टर बंध म्हणजे क्षाराने तुटणारी जागा. फरक असा की ऑइल पेंटमध्ये किंवा तेलापासूनच केलेल्या अल्किड रेझिनमध्ये रेणूचा कणाच एस्टरचा असतो, तो तुटला की सगळे विस्कटते. इपॉक्सी एस्टरमध्ये कणा इपॉक्सीचा आहे, मेदाम्ले त्याच्या बाजूंना फांद्यांसारखी जोडलेली आहेत. क्षाराने काही फांद्या छाटल्या तरी खोड धातूला धरून उभे राहते. म्हणून इपॉक्सी एस्टरचा प्रायमर साध्या लाल प्रायमरपेक्षा ओलीत जास्त टिकतो. म्हणूनच तो दोन डब्यांच्या इपॉक्सीइतका मात्र टिकत नाही. हे दोन्ही खरे आहे. दुकानदार बहुधा यातले पहिले वाक्य सांगतो. दुसरे वाक्यही वाचकापर्यंत पोहोचावे, हा या पुस्तकाचा एक हेतू आहे.

दुसरी वाट मला सगळ्यांत सुंदर वाटते, आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. एका डब्यात बेस, दुसऱ्यात हार्डनर. पूल, टाक्या आणि कारखान्यांच्या सांगाड्यांसाठी सर्रास वापरला जाणारा हार्डनर पॉलिअमाइड जातीचा असतो. तो कशाचा होतो? सुकणाऱ्या तेलातली १८ कार्बनची दोन मेदाम्ले उष्णतेने जोडून ३६ कार्बनचे डायमर आम्ल करतात आणि त्याला अमाइन जोडतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी कृषी खात्याच्या पिओरियाच्या प्रयोगशाळेत सोयाबीनच्या तेलापासून असे पॉलिअमाइड करण्याचे काम झाले. पुढे जनरल मिल्स या, मुळात पिठाच्या गिरण्या चालवणाऱ्या कंपनीने व्हर्सामिड नावाने ते बाजारात आणले. आज डायमर आम्ल पुष्कळदा पाइनच्या लाकडाच्या लगद्यातून निघणाऱ्या तेलाचे असते, काही ठिकाणी सोयाबीनचे. वाहून आणलेल्या त्या दुसऱ्या डब्यात शेतातला किंवा जंगलातला अंश असतो, आणि ब्रश मारणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्या लांब तेलकट साखळीमुळेच हा थर पाण्याला दूर ठेवतो, थोडा लवचिक राहतो, आणि मिसळताना प्रमाण किंचित चुकले तरी माफ करतो. यात मेदाम्ल अमाइड बंधाने जोडलेले असते आणि तो बंध क्षाराला एस्टरपेक्षा पुष्कळ कमी दाद देतो. आजींच्या कोठीच्या बुडाला खरे उत्तर हेच आहे.

तिसरी वाट तेलालाच इपॉक्सी करण्याची. १९०९ साली निकोलाय प्रिलेझाएव या रशियन रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की परआम्लाने दुहेरी बंधावर ऑक्सिजनचा त्रिकोण बसवता येतो. कारखान्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्ल यांच्यापासून परआम्ल तिथल्या तिथे तयार होते आणि जवसाच्या किंवा सोयाबीनच्या तेलावर काम करते. क्रिया उष्णता सोडते, तापमान आवरले नाही तर धोका असतो. १९४० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या सरकारी प्रयोगशाळेत डॅनियल स्वर्न आणि त्यांचे सहकारी यांनी यावर पुष्कळ काम केले. इपॉक्सीकृत सोयाबीन तेल आज पीव्हीसी मऊ करण्यासाठी सगळीकडे वापरतात. लेपात मात्र एक अडचण येते. नेहमीच्या इपॉक्सीत त्रिकोण साखळीच्या टोकाला असतो, अमाइनला तो चटकन सापडतो. तेलात तो साखळीच्या पोटात दडलेला असतो, त्यामुळे अमाइनशी फार हळू जुळतो. म्हणून असे तेल एकट्याने वापरण्याऐवजी नेहमीच्या इपॉक्सीत थोड्या प्रमाणात मिसळतात. मिश्रण पातळ होते, थिनर कमी लागतो आणि थराचा ठिसूळपणा जातो. थोडा कडकपणाही जातो. प्रमाण वाढवत नेले की थर नखाने दबू लागतो. या वाटेवर अनेक प्रबंध लिहिले गेले आहेत आणि त्यांतले काही शेवटची ही ओळ गाळतात.

काजूची वाट तेलाची म्हणावी की नाही, यावर वाद घालता येईल. मी घालणार नाही. काजूच्या टरफलातला चीक हाताला लागला तर कातडी भाजते, हे कोकणात बिया फोडणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ते टरफलाचे तेल तापवले की त्यातल्या अनाकार्डिक आम्लाचा कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डनॉल उरते. फिनॉलचे वलय आणि त्याला १५ कार्बनचे शेपूट. त्यापासून केलेला फिनाल्कमाइन हार्डनर गारठ्यात आणि दमट पृष्ठभागावरही इपॉक्सी पकवतो, म्हणून जहाजबांधणीत त्याला मोठी मागणी आहे. यवतमाळात गारठ्याचा प्रश्न नाही. पण श्रावणात, पत्रा पुसूनही दमट राहतो अशा दिवसांत काम थांबवता येत नसेल, तर या हार्डनरची आठवण ठेवावी.

आता झरी जामणीकडे परत. हा कोलाम आणि गोंड वस्तीचा तालुका, दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडे तेलंगण. वणीच्या बाजूला कोळशाच्या खाणी, मुकुटबनला चुनखडी. २०२२ साली मुकुटबनला बिर्ला कॉर्पोरेशनच्या कंपनीचा सिमेंट कारखाना सुरू झाला, वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा. माजरीहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे वणी, कायर, मुकुटबन असे करत जाते. शेती आणि जंगल असलेल्या या तालुक्यात लोखंड आता पूर्वीच्या अनेकपट आले आहे, आणि त्याबरोबर लोखंड जोडणारी, रंगवणारी पोरेही. रस्त्याकडेच्या वेल्डिंगच्या दुकानात मी नेहमी थांबतो. ट्रॉली तयार होते, जोडाच्या जागेवरचा काळा पापुद्रा आणि वेल्डिंगचे शिंतोडे तसेच असतात, वरून लाल प्रायमरचा एक हात मारला जातो आणि दुपारपर्यंत वरचा रंगही लागतो. पहिला गंज फुटतो तो बरोबर त्या जोडावर. पोरांना दोष द्यायचे कारण नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नाही.

त्यांच्यासाठी म्हणून इथे उघडपणे लिहितो. ट्रॉली, फाटक, खिडकीचे गज, शाळेचे बाक यांना इपॉक्सी एस्टरचा प्रायमर योग्य आहे. पण आधी जोड तारेच्या ब्रशने आणि पॉलिशपेपरने धातूपर्यंत घासा, कारण तेलाचा क्षमाशील स्वभाव वेल्डिंगच्या पापुद्र्यापुढे हरतो. सिमेंटच्या भुकटीत उभे राहणारे लोखंड असेल तर तेलाचा कुठलाही एस्टर वापरू नका. सिमेंट क्षारधर्मी आहे, साबणाची तीच गोष्ट तिथे आणखी वेगाने घडेल. तिथे दोन डब्यांचा पॉलिअमाइड इपॉक्सीच हवा. टिनाच्या जस्ती पत्र्यावर ऑइल पेंट लावू नका. तेलाची मेदाम्ले जस्ताबरोबर साबण करतात आणि दोन पावसाळ्यांत रंग पापुद्र्यासारखा सोलून निघतो. उन्हात राहणाऱ्या इपॉक्सीवर पॉलियुरेथेन किंवा ॲक्रिलिकचा वरचा हात द्या, नाहीतर यवतमाळचा मे महिना त्याची भुकटी करेल. दोन डबे मिसळल्यावर पंधरा-वीस मिनिटे मुरू द्या, मगच ब्रश बुडवा. उन्हाळ्यात मिसळलेला माल लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा थोडा मिसळा. आणि धान्याच्या कोठीला आतून यातले काहीही लावू नका. बुडाला बाहेरून लेप द्यावा, पण त्याही आधी कोठीखाली चार विटा द्याव्यात. विटांनी जे काम होते त्यासाठी रसायनाला हाक मारू नये.

हा विषय शिकवणाऱ्या संस्था आपल्या जवळ आहेत, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असते. कामठीचे मँगनीज खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला दिले आणि त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. तेल तंत्रज्ञान आणि रंग तंत्रज्ञान हे दोन्ही अभ्यासक्रम तिथे एका छपराखाली वाढले, म्हणजे या पुस्तकाचे दोन्ही अर्धे. २०२३ साली ती संस्था स्वतंत्र विद्यापीठ झाली. मुंबईत माटुंग्याला १९३३ साली सुरू झालेली आजची रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. जळगावच्या विद्यापीठात कडुनिंबाच्या तेलापासून गंजरोधक लेप करण्याचे काम झाले आणि २०१३ साली ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. ते पॉलियुरेथेनवरचे काम आहे, इपॉक्सीवरचे नव्हे, पण न सुकणारे तेल लेपाच्या कामाला कसे लावावे याचा तो चांगला धडा आहे. झरीच्या मुलीला हे शिकायचे तर नागपूर दूर नाही.

एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. आपला देश खाण्याच्या तेलाची निम्म्याहून जास्त गरज आयातीने भागवतो. अशा देशात खाण्याचे तेल रंगात घालण्याचा उत्साह मला पटत नाही. एरंडी, करंज, कडुनिंब यांच्याकडे आधी पाहावे. मोहाबद्दल तर अधिकच जपून बोलावे. टोळंबीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेल आदिवासी घरात खाल्ले जाते, अंगाला लावले जाते. कारखान्याने भाव दिला की गोळा करणाऱ्याचे भले होतेच असे नाही. पुष्कळदा तेल घरातून जाते आणि पैसा वाटेत अडतो. शिवाय मोहाचे तेल सुकतही नाही. ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द डब्यावर छापला म्हणून लेप निर्दोष ठरत नाही. इपॉक्सी एस्टरच्या डब्यात झायलीन असते, आणि इपॉक्सीच्या कण्यात बिस्फेनॉल-ए. अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी घालणारा नियम युरोपीय संघाने २०२४ च्या अखेरीस केला. माझ्या मते लेपाची पहिली कसोटी तो किती वर्षे टिकतो ही आहे. बारा वर्षे टिकणारा लेप तीनदा रंगवण्याचा माल, मजुरी आणि धूर वाचवतो, मग तो अर्धाच झाडाचा का असेना.

जवसाच्या तेलाबद्दल एक सूचना प्रस्तावनेतच देतो, कारण सगळे लोक पुढची पाने वाचतीलच असे नाही. तेल पुसलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर तेल ऑक्सिजन घेत राहते, गोळ्याच्या पोटात उष्णता साठते आणि काडी न लावता तो पेटतो. एका सुताराच्या शेडमध्ये अशा गोळ्यातून धूर निघताना मी डोळ्यांनी पाहिला आहे. वरून चिंधी गार होती, आत हात घातला तर चटका बसला. अशा चिंध्या पाणी भरलेल्या लोखंडी डब्यात टाकाव्यात, किंवा एकेक करून उघड्यावर वाळत घालाव्यात. इपॉक्सी एस्टर पुसलेल्या चिंध्यांनाही हेच लागू आहे.

शेवटी वाचकाला एक विनंती. काळ्या पत्र्याचे हाताएवढे तीन तुकडे घ्या आणि सारखेच घासा. एकावर लाल प्रायमर आणि ऑइल पेंट, दुसऱ्यावर इपॉक्सी एस्टर, तिसऱ्यावर दोन डब्यांचा पॉलिअमाइड इपॉक्सी, असे दोन-दोन हात द्या. आठ दिवस सुकू द्या. मग प्रत्येकावर खिळ्याने लोखंड दिसेपर्यंत फुलीची रेघ ओढा आणि मृगाच्या आधी तिन्ही तुकडे ओल्या मातीत अर्धे रोवून ठेवा. दिवाळीला उपटून धुवा, रेघेच्या दोन्ही बाजूंना रंग किती सुटला ते पट्टीने मोजा आणि मला लिहून कळवा. जमिनीची जात आणि गावाचे नाव तेवढे सोबत लिहा.